सगळी उत्तरं बरोबर

एल्कोच्या मेंदूत काही सापडलं नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर वाचणारा शेवटपर्यंत जीव मुठीत धरून बसायचा आणि शेवटी त्याच्या हाती काय, तर एक स्वच्छ, व्यवस्थित, अक्रोडासारखा मेंदू, करड्या रंगात, सर्व बाजूंनी. सांगून झालं. आता हे सांगितलंच नाही असं धरून चालू. कुणालाच काही माहीत नाही, एल्कोला तर नाहीच. सप्टेंबर संपत आलाय, ख्रोनिंगन ह्या डच शहरातल्या एका चष्म्याच्या दुकानात तो गिऱ्हाइकासमोर बसलाय, आणि त्याच्या हातात तपकिरी ठिपक्यांची एक फ्रेम आहे.

गिऱ्हाईक म्हणजे एक निवृत्त शिक्षिका. न्हाव्यापुढे धरावा तसा त्यांनी चेहरा वर उचलून धरला होता. एल्कोने फ्रेम नाकावर ठेवली, काड्या कानांमागे सरकवल्या आणि सरळ बसलीय का ते बघायला तो जरा मागे रेलला. तेवढ्यात ते झालं. झालं म्हणजे काय, हे त्याला पुढे पुष्कळ दिवस नीट सांगता आलं नाही. आवाज झाला नाही. काही पडलं नाही, फुटलं नाही. बाईंचा चेहरा होता तिथेच होता. फक्त तो चेहरा नव्हता. एक नाक होतं. दोन डोळे होते, दोन्ही चांगल्या स्थितीत. एक तोंड होतं आणि ते हलत होतं. सामान सगळं येऊन पडलं होतं, जोडणारा माणूस आला नव्हता.

"वाकडी बसलीय का?" त्या सामानातल्या तोंडाने विचारलं.

"नाही," एल्को म्हणाला, "फ्रेम अगदी सरळ आहे." खोटं नव्हतं ते. त्या सगळ्यात तेवढी फ्रेमच सरळ होती. मग बाईंनी मान वळवली, खिडकीतला उजेड गालावर पडला आणि चेहरा पुन्हा आपल्या जागी जाऊन बसला, जसा काही तो फक्त कॉफी प्यायला बाहेर गेला होता. एल्कोने फ्रेम पुसायला घेतली. पुन्हा वर बघावं लागू नये म्हणून तो जरुरीपेक्षा फार जास्त वेळ पुसत राहिला. "एवढी घाण होती होय?" बाई म्हणाल्या.

चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या माणसाला काही दिसेनासं झालं तर तो काय करील? तो डोळे तपासेल. संध्याकाळी दुकान बंद करताना एल्कोने मालकांना, सिब्रांडना, सहज म्हणावं तसं म्हटलं, जरा माझे डोळे बघता का. सिब्रांड तीस वर्षं लोकांच्या डोळ्यांत डोकावत आलेला माणूस. त्यांनी एल्कोला खुर्चीत बसवलं, हनुवटी टेकवायला लावली, भिंगं बदलली, तक्त्यावरची अक्षरं वाचून घेतली. एल्कोने शेवटची ओळ वाचली. त्याखालची, छापखान्याच्या नावाची ओळही वाचली. "अरे लेका," सिब्रांड म्हणाले, "असे डोळे गावातल्या सगळ्यांना असते तर मला दुकान विकून बटाटे लावावे लागले असते." आणि त्यांनी पाठीवर थाप मारली. एल्को हसला. हसताना त्याने त्यांच्याकडे बघितलं नाही. डोळ्यांत काही बिघाड नाही म्हटल्यावर बिघाड आणखी आत होता, आणि आत बघायचं भिंग सिब्रांडांकडे नव्हतं. भीती तिथे सुरू झाली. आधी होता तो नुसता दचका होता.

मग ते परत परत येऊ लागलं. नेहमी नाही, नेहमी आलं असतं तर माणूस सवय करून घेतो. ते हुशार होतं, आडूनआडून यायचं. सकाळी कपाचा कान कपापासून सुटून पुढे आल्यासारखा दिसायचा, आपल्याकडे बोट दाखवावं तसा. पुलावरून जाताना कठड्याच्या सळ्या आणि त्यांच्या सावल्या ह्यांत खरं कोण हे ठरवायला थांबावं लागायचं, आणि मागून येणारे सायकलवाले घंटा बडवत शिव्या घालून जायचे. रंग मोठ्याने बोलत होते. पोस्टाच्या पेटीचा केशरी रंग तर ओरडतच होता. माणसांची मात्र उलट गत: ती बोलायची आणि त्यांचे चेहरे गप्प असायचे. एल्कोने युक्ती काढली. चेहऱ्याकडे बघायचंच नाही. माणूस ओळखायचा तो बुटांवरून, चालीवरून, खोकल्यावरून. सिब्रांड म्हणजे करकरणारा डावा बूट. बहीण नीन्के म्हणजे कानातला चांदीचा मासा. आई म्हणजे क्लोरीनचा वास. ती नगरपालिकेच्या तलावावर मुलांना पोहायला शिकवायची आणि तो वास तिच्या केसांतून सुट्टीच्या दिवशीही जात नसे. युक्ती इतकी चांगली चालली की आपण काय गमावलंय ते त्याला काही काळ आठवलंच नाही.

संध्याकाळी घरी चालत जाणं सगळ्यात वाईट. त्याच्या गल्लीत कुणी पडदे लावत नाही. लावायचे कशाला, लपवण्यासारखं काय आहे. दिवा लावून, खिडकीत कुंडी ठेवून, माणसं रस्त्याकडे तोंड करून मजेत बसलेली असतात, आणि जाणारा येणारा बघून न बघितल्यासारखं करतो. एल्को लहानपणापासून असाच बघून न बघितल्यासारखं करत आला होता. आता त्या खिडक्या त्याला दुकानाच्या काचेसारख्या वाटू लागल्या. आत माणसं मांडून ठेवलेली. कुणी मान वर करी आणि तिथे दिव्याच्या उजेडात चेहऱ्याच्या जागी ते सुटं सामान. एके दिवशी त्याच्या मनात आलं, हे सगळे मिळून मुद्दाम करताहेत. म्हणजे कुणीतरी ह्यांना सांगून ठेवलंय, की एल्को आला रे आला की चेहरा सोडून द्यायचा. हा विचार आला आणि त्याला एकदम बरं वाटलं. सगळं जुळलं. सायकलच्या साखळीत दात बसावा तसं काहीतरी खट्कन बसलं. तो दिव्याच्या खांबाला धरून उभा राहिला, कारण ह्या बरं वाटण्याचीच त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती एवढी भीती वाटली. घरी जाऊन त्याने पडदे लावून घेतले. त्या गल्लीत पडदे लागतात ते फक्त कुणी वारलं तर. दुसऱ्या दिवशी शेजारच्या बाईंनी दारातच गाठून हळू आवाजात विचारलं, "कोण गेलं रे तुमच्यातलं?"

"पडदे धुऊन वाळत घातलेत," एल्को म्हणाला. बाई हसल्या. एल्को गमत्या म्हणून गल्लीत प्रसिद्ध होता. शाळेत असताना तो आठवडाभर बूट उलटसुलट पायांत घालून हिंडला होता आणि कारण विचारणाऱ्याला 'पाय अदलाबदलीला टाकलेत' असं सांगायचा. अशा माणसाचं एक असतं: त्याने बुडताना हात हलवले तरी काठावरचे लोक हात हलवून दाखवतात.

ऑक्टोबरमध्ये आईचा वाढदिवस आला. वाढदिवस म्हणजे घरातल्या सगळ्या खुर्च्या आणि शेजाऱ्यांच्या काही, गोल मांडायच्या. त्या गोलात सगळ्यांनी गुडघ्यावर बशी घेऊन बसायचं. आणि नवीन येणाऱ्याने एका टोकापासून सुरुवात करून प्रत्येकाचं, नुसत्या उत्सवमूर्तीचं नाही, प्रत्येकाचं अभिनंदन करायचं, ज्याचं जे नातं असेल त्याप्रमाणे. हा गोल पुरा केल्याशिवाय केक मिळत नाही. एल्को उशिरा पोचला. दारातच त्याला कळलं की आज ते आलंय. गोलात बारा-पंधरा माणसं बसली होती आणि चेहरा म्हणावा असा एकही नव्हता. त्याने श्वास घेतला आणि बुटांवरून सुरुवात केली. जाड टाचा: आल्त्ये मावशी. "मावशी, बहिणीबद्दल अभिनंदन." तीन वेळा गालाला गाल. घरातल्या सपाता: शेजारचे काका, खुर्च्यांबरोबर आलेले. "शेजारणीबद्दल अभिनंदन, काका." चांदीचा मासा. "नीन्के, आईबद्दल अभिनंदन." "तुझंही," मासा म्हणाला. जमत होतं. हात धरायचा, नातं सांगायचं, पुढे सरकायचं. पुढे एक निळा स्वेटर होता, पायांत नवेकोरे बूट, अंगाला कुठल्यातरी अत्तराचा वास. हात उबदार होता आणि सोडत नव्हता. तलावावरची कुणी मैत्रीण असणार, एल्कोने ठरवलं.

"अभिनंदन," तो अदबीने म्हणाला, "तुमच्या मैत्रिणीबद्दल."

आल्त्ये मावशी हसत सुटली आणि तिच्यामागे सगळा गोल. काकांच्या बशीतला केक खाली पडला. "आईलाच! स्वतःच्या आईला!" मावशी डोळे पुसत म्हणत होती, "ह्या पोराला नाटकात घाला कुणीतरी." निळ्या स्वेटरमधून आईचा आवाज आला, "आभारी आहे हं. फार गुणी मैत्रीण आहे माझी." तीही हसत होती. नव्या बुटांच्या आणि नव्या अत्तराच्या आड बसून आई हसत होती, आणि एल्को तिच्या चेहऱ्याकडे, म्हणजे जिथे तो असायला हवा होता तिथे, बघत होता. नाक, डोळे, तोंड. बरं, ते नुसते सुटेही नव्हते ह्या वेळी. ते आत गेलेले होते. साच्यातून मूर्ती काढून घेतल्यावर मागे साचा राहतो, तसं. सगळे हसून थांबले तरी आईचा हात सुटला नव्हता.

"तू तिला ओळखलं नाहीस," स्वयंपाकघरात नीन्के म्हणाली. ती कप विसळत होती.

"गंमत केली गं."

"गंमत करतोस तेव्हा तुझी डावी भुवई वर जाते. आज गेली नाही."

"वय झालं भुवईचं."

"एल्को. माझ्याकडे बघून बोल."

त्याने माशाकडे बघितलं. नीन्केने हात पुसले, कानातला मासा काढला आणि मुठीत धरला. "आता बघ," ती म्हणाली. एल्को शिट्टी वाजवत बाहेर निघून गेला.

आजारी असल्याची शंका आलेला माणूस डॉक्टरकडे जातो. एल्को निरोगी लोकांच्या रांगेत जाऊन उभा राहिला. विद्यापीठाच्या इस्पितळात मेंदूची चित्रं काढायचं संशोधन चाललं होतं. त्यांना आजारी लोकांशी तुलना करायला चांगली नजर असलेली धडधाकट तरुण माणसं हवी होती, तसं बसथांब्यावर लिहिलेलं होतं. एल्कोचा हिशेब सोपा होता. डॉक्टरकडे गेलो तर तो विचारील, काय होतंय, आणि सांगावं लागेल, आणि एकदा तोंडाने सांगितलं की ते झालेलं असेल. पण ह्या लोकांनी यंत्रात घालून निरोगी म्हणून घेतलं, तर मग निरोगीच. यंत्राला कोण खोटं पाडणार? आणि निरोगी ठरलो की आईचा चेहरा मुकाट्याने परत येईल. त्याला दुसरा इलाजच राहणार नाही. एवढं पक्कं तर्कशास्त्र एल्कोने पूर्वी कधी केलं नव्हतं. हेही त्याला खटकलं होतं, पण थोडंच.

संशोधन करणाऱ्या बाईंचं नाव रूलिन. मऊ रबरी तळव्यांचे बूट, आवाज शांत. "नसलेले आवाज ऐकू येतात कधी?"

"मालकांचा येतो. पण ते असतात."

"लोक आपल्याविरुद्ध काही करताहेत असं वाटतं?"

"सायकलवाले."

रूलिन हसल्या आणि पुढे गेल्या. इतकं सोपं होतं ते. मग त्याचा पट्टा, किल्ल्या, घड्याळ काढून घेतलं, त्याला पाठीवर निजवलं, डोक्यावर पिंजरा बसवला, एका हातात दोन बटणांची डबी दिली आणि दुसऱ्यात रबरी फुगा. "भीती वाटली तर फुगा दाबा, लगेच बाहेर काढू. हलू मात्र नका." फळी सरकली आणि तो नळीत गेला. यंत्र ठोकायला लागलं, वरच्या मजल्यावर कुणी फरशा उखडत असावं तसं. आणि त्या ठोक्यांत एल्को पाच वर्षांचा झाला. कपड्यानिशी पाण्यात उडी मारायची, पाण्याखाली ताणलेल्या ताडपत्रीच्या भोकातून पलीकडे जायचं, म्हणजे पोहता येतं असं प्रमाणपत्र मिळतं. कालव्यांच्या गावात ते प्रत्येक पोराला काढावंच लागतं. त्याला ते भोक काळं दिसलं होतं आणि तो पाण्यातच थांबला होता, स्वेटर जड झालेला, कान भरलेले. त्याने वर बघितलं तर काठावर आई ओणवी झालेली. पाणी हलत होतं आणि तिचा चेहरा लांब होत होता, तुटत होता, डोळा गालावर जात होता, तोंडाचे दोन तुकडे होऊन पुन्हा एक होत होते. आणि तरी ती आईच होती, त्याबद्दल त्याला एक क्षणही शंका आली नव्हती. तेवढं बघून तो भोकातून गेला होता. आता पाणी नव्हतं. हवा कोरडी, स्वच्छ, इस्पितळाची, आणि त्यातून तिचा चेहरा दिसत नव्हता. त्याची मूठ फुग्यावर आवळत आली. दाबला तर निरोगी नाही. त्याने दाबला नाही.

डोळ्यांवरच्या आरशात चित्रं येऊ लागली. मुखवटे होते, अंधारात हळूहळू फिरणारे. काही पुढून, नाक बाहेर आलेले. काही मागून, म्हणजे आतली पोकळ बाजू. बाहेर आलेला दिसला तर डावं बटण, पोकळ दिसला तर उजवं. एल्कोला हसू आलं. एवढंच? हे तर पोराटोरांना येईल. पोकळ, बाहेर, पोकळ, पोकळ, बाहेर. मुखवटा फिरून पोकळ बाजू समोर आली की त्याला ती तशीच्या तशी दिसायची: नाकाचा खड्डा, डोळ्यांचे खड्डे, ओळखीचे, वाढदिवसाच्या गोलात पाहिलेले. आपण एकही चुकत नाही हे त्याला कळत होतं. नळीत, ठोक्यांखाली, कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा त्याला हुशार वाटलं.

बाहेर काढल्यावर रूलिननी त्याला पडद्यासमोर बसवलं. पडद्यावर त्याचा मेंदू होता. "ह्यात काही दिसत नाही," त्या म्हणाल्या, "आमच्या डॉक्टरांनीही पाहिला. ठाकठीक आहे."

"म्हणजे पास."

"तुला सांगते एल्को, चित्रात बहुतेक वेळा काही नसतंच." त्यांनी 'तुम्ही' सोडलं होतं, ते त्याला ऐकू आलं. "मुखवट्यांची उत्तरं मात्र बघितली मी. सगळी बरोबर."

"मग?"

"ती चुकायला हवी होती."

एल्कोने पडद्यावरच्या मेंदूकडे बघितलं.

"पोकळ चेहरा आपल्याला पोकळ दिसत नाही," रूलिन म्हणाल्या. "मेंदू तो बाहेर काढतो. चेहरा म्हटला की तो आपल्याकडे वळलेलाच असणार, असं धरून बसतो. कितीही सांगा, ऐकत नाही. हा मुखवटा मी स्वतः बनवून घेतलाय, मला माहीत आहे तो पोकळ आहे, आणि इतकी वर्षं झाली, मला अजून तो बाहेर आलेलाच दिसतो. सगळ्यांना दिसतो. काहींना दिसत नाही. दारू प्यायलेल्यांना, झोप न झालेल्यांना, आणि..." त्या थांबल्या. "एका चाचणीवरून काही ठरत नाही. हे मी शपथेवर सांगते. पण मी तुला मघाशी काही प्रश्न विचारले होते. पुन्हा विचारू?"

एल्कोच्या डोक्यात एक चांगला विनोद आला होता, दारूबद्दलचा. त्याने तोंड उघडलं आणि तो विनोद तिथे नव्हता. "आई," तो म्हणाला. एवढंच आलं. मग बाकीचं आलं, खिडक्या, कपाचा कान, ते बरं वाटणं, सगळं, एकदम आणि वेडंवाकडं, नाक वाहत. रूलिन म्हणाल्या, घरच्या डॉक्टरांना आजच फोन करते, मनाचे असे आजार सुरुवातीलाच हाताळणारी माणसं इथेच वरच्या मजल्यावर आहेत, लवकर आलास हे फार चांगलं केलंस. "मी निरोगी म्हणून आलो होतो," एल्को म्हणाला. "हो," त्या म्हणाल्या, "त्या यादीतून तुझं नाव काढावं लागेल." त्याला ह्याचं इतकं वाईट वाटलं की दोघांनाही हसू आलं.

आईला फोन गेला तेव्हा ती तलावावर होती. ती तशीच आली, ओल्या केसांनी, गळ्यात शिट्टी, अंगाला क्लोरीनचा वास. वासाने ओळखलं त्याने. ती त्याच्यासमोरच्या खुर्चीत बसली, अगदी जवळ, गुडघ्याला गुडघा लावून.

"नीन्केने सांगितलं होतं मला," ती म्हणाली. "मी म्हटलं, नाही गं, गमत्या आहे तो."

"मी पण तेच म्हटलं."

"आत्ता दिसतेय मी?"

त्याने बघितलं. पळ न काढता, बुटांकडे, शिट्टीकडे न वळता बघितलं. खड्डे होते. नाकाचा खड्डा, डोळ्यांचे दोन, आणि त्या दोन खड्ड्यांतून पाणी बाहेर येत होतं, बाहेरच्या बाजूला, गालांवरून, हे काही त्याला समजेना.

"नाही," तो म्हणाला.

"बरं," आई म्हणाली. तिने त्याचा हात हातात घेतला, वाढदिवसाला घेतात तसा. "मी इथेच काठावर आहे. तू हो पुढे."

वरच्या मजल्यावरून बोलावणं येईपर्यंत एल्को बाकावर बसला होता. उपचार सुरू होतील असं सांगितलं होतं. गोळ्या, बोलणं, वेळ. काय परत येईल आणि काय येणार नाही, हे कुणी सांगत नव्हतं, आणि न सांगण्यात ती माणसं प्रामाणिक होती. बाकावर बसल्याबसल्या त्याने मनातल्या मनात एक अर्ज तयार केला आणि तो कुणाकडे द्यायचा ते न सुचल्यामुळे तसाच ठेवला:

'माननीय प्रमुख, चित्रण विभाग, ह्यांस. अर्जदाराने आपल्या चाचणीत सर्व उत्तरे बरोबर दिली असून, त्याबद्दल तो दिलगीर आहे. पोकळ चेहरा आपल्याकडे वळलेला दिसण्याची जी चूक इतर सर्व नागरिकांना जन्मापासून विनाअट करू दिली जाते, ती करण्याची मुभा अर्जदारालाही पूर्ववत मिळावी. कायमची देणे शक्य नसल्यास निदान वर्षातून एकदा, ऑक्टोबरमध्ये, खुर्च्या गोल मांडल्यापासून अर्जदार निळ्या स्वेटरपर्यंत पोचेतोवर देण्यात यावी, ही नम्र विनंती.'